मुलीलाही होईल का?

गर्भाशयाच्या किंवा बीजांडकोशाच्या कॅन्सरचे निदान झाले की घरातली माणसे डॉक्टरांना साधारण तीन गोष्टी विचारतात. बरा होईल का, खर्च किती येईल, आणि थोड्या दबक्या आवाजात, मुलीलाही होईल का. पहिल्या दोन प्रश्नांना काही ना काही उत्तर मिळते. तिसऱ्याला बहुधा ‘काळजी करू नका’ एवढेच मिळते. वास्तविक या तिसऱ्या प्रश्नाचे बऱ्यापैकी नेमके उत्तर आज देता येते. त्याआधी फक्त एक गोष्ट माहीत करून घ्यावी लागते: हा कॅन्सर विषाणूमुळे झाला आहे, की विषाणूचा त्याच्याशी काही संबंध नाही? परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत बोलण्यात या सगळ्या आजारांना मिळून ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हटले जाते. बोलण्यापुरते ते चालून जाते. पण कोणती तपासणी करायची, लस कोणाला द्यायची, जनुकीय तपासणीसाठी रक्त कोणाचे घ्यायचे आणि कोणाची पिशवी मुळीच काढायची नाही, हे सगळे या एका फरकावर ठरते. पैसा, वेळ आणि प्रवास तिन्ही मोजून वापरावे लागतात अशा ठिकाणी हा फरक मोठ्या शहरापेक्षाही जास्त महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधी विषाणूची वाट पाहू. गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये या कॅन्सरच्या गाठींतून एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार शोधून काढले आणि त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू पेशीत शिरून दोन प्रथिने तयार करतो. त्यांना ई६ आणि ई७ म्हणतात. आपल्या प्रत्येक पेशीत पी५३ नावाचे एक प्रथिन राखणदारासारखे असते. जनुकांत बिघाड झाला की ते पेशीची वाढ थांबवते, आणि दुरुस्ती होत नसेल तर त्या पेशीला मरायला लावते. ई६ या राखणदाराला नष्ट करते. ई७ हे आरबी नावाचे, पेशीविभाजनाला आवर घालणारे दुसरे प्रथिन निकामी करते. पुढे काही वर्षांनी विषाणूचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रांत अडकतो. त्यात बहुधा विषाणूचा ई२ हा भाग मोडतो, आणि ई६-ई७ ला लगाम घालणारेच कोणी उरत नाही. मग पेशीत बिघाड साठत जातात. गंमत अशी की यातले पुष्कळ बिघाड आपल्याच एका बचावयंत्रणेच्या खुणा असतात: विषाणूचा डीएनए खराब करण्यासाठी असलेली अ‍ॅपोबेक ही विकरे आपल्या जनुकांवरही चालतात. पीआयके३सीए या जनुकात ठरावीक दोन जागी सापडणारे बदल बहुतांशी असे झालेले असतात.

या सगळ्यात वाचकाने लक्षात ठेवावे असे दोन मुद्दे आहेत. पहिला वेळेचा. विषाणूची लागण झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण दहा ते वीस वर्षे जातात, आणि बहुतेक लागणी तर वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच परतवून लावते. म्हणजे पकडण्यासाठी मधला काळ भरपूर असतो. दुसरा मुद्दा वारशाचा. हे बदल त्या गाठीतल्या पेशींत झालेले असतात, आईच्या बीजात नसतात. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या एचपीव्हीजन्य कॅन्सरमधून मुलीकडे जनुकीय वारसा म्हणून सहसा काही जात नाही. मुलीला धोका आहे तो मुख्यतः, इतर कोणत्याही स्त्रीप्रमाणे, विषाणूच्या लागणीचा, आणि त्यावर लस आणि तपासणी ही दोन्ही साधने आपल्या हातात आहेत.

दुसरी वाट वेगळी आहे. बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये सर्वाधिक दिसणाऱ्या ‘हाय ग्रेड सीरस’ प्रकारात एचपीव्हीचा काही संबंध नसतो. अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास या प्रकल्पाने २०११ मध्ये अशा ३१६ गाठींच्या जनुकांचे वाचन प्रसिद्ध केले. त्यांतल्या ९६ टक्के गाठींत टीपी५३, म्हणजे त्या राखणदार प्रथिनाचे जनुकच बिघडलेले होते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये हे जनुक बहुधा शाबूत असते आणि विषाणू त्याचे प्रथिन रोज नष्ट करत राहतो. इथे मुळात जनुकच मोडलेले असते. परिणाम सारखा, कारण निराळे. बीजांडकोशाच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी साधारण शंभरात पंधरा जणींमध्ये बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकातला दोष जन्मतःच, आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरचे याच प्रकल्पाने २०१३ मध्ये जनुकांवरून चार गट पाडले. त्यांत पीओएलई जनुकातील बदलाचा एक गट आहे, ज्यात बिघाड हजारोंनी असूनही रुग्ण बहुधा चांगल्या बऱ्या होतात. आणि टीपी५३ बिघडलेला एक गट आहे, जो सर्वांत आक्रमक असतो. योनीमुखाच्या कॅन्सरमध्ये तर दोन्ही वाटा एकाच अवयवात दिसतात: काहींना एचपीव्हीमुळे होतो, तर वयस्कर स्त्रियांमध्ये बऱ्याचदा वर्षानुवर्षे खाज आणि पांढरे चट्टे देणाऱ्या लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगातून, टीपी५३च्या बिघाडाने होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या वर्गीकरणात गर्भाशयमुख, योनी आणि योनीमुख यांचे कॅन्सर ‘एचपीव्हीशी संबंधित’ आणि ‘एचपीव्हीशी संबंध नसलेले’ असे वेगळे नोंदवले, ते यामुळेच.

आता हे सगळे परभणीच्या बाईला काय उपयोगाचे, असे कोणी विचारेल. या प्रश्नाचे जगातले एक उत्तम उत्तर मराठवाड्यातच, परभणीपासून फार दूर नसलेल्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळाले. १९९९ मध्ये टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तिथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट करून ते चार भागांत वाटले: एका भागात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा तेवढी. तपासणी आयुष्यात एकदाच केली. आठ वर्षांनी हिशेब केला तेव्हा एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४ मृत्यू झाले होते, नेहमीच्या सेवेच्या भागात ६४. पुढच्या टप्प्यात पोहोचलेले कॅन्सर एचपीव्ही तपासणीच्या भागात ३९, नेहमीच्या सेवेच्या भागात ८२. म्हणजे एकाच तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकीच्या दोन तपासण्यांनी एकदाच केल्यावर मृत्यूंमध्ये असा स्पष्ट फरक पडला नाही. मला याहून महत्त्वाचा आकडा वाटतो तो तपासणीत ‘काही नाही’ असे निघालेल्या स्त्रियांचा. एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांमध्ये पुढे कॅन्सरचे प्रमाण वर्षाला लाखात ३.७ होते, पॅप किंवा अ‍ॅसिटिक आम्लाची तपासणी निगेटिव्ह आलेल्यांमध्ये ते अनुक्रमे १५.५ आणि १६ होते. कारण उघड आहे. डोळ्यांनी किंवा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी करताना आपण परिणाम शोधतो. एचपीव्ही तपासणीत कारणच शोधतो. या अभ्यासावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला, की चौथ्या भागातल्या स्त्रियांना तपासणी दिलीच नाही. तो आक्षेप मला रास्त वाटतो. पण ज्या पुराव्यासाठी मराठवाड्यातल्या बायकांनी एवढी किंमत मोजली, तो पुरावा २००९ मध्ये छापून आल्यानंतरही मराठवाड्यातच वापरला जाऊ नये, हे मला जास्त बोचते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शंभरात दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. आणि २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार या एका कॅन्सरने देशात वर्षाला जवळपास ८० हजार स्त्रिया दगावतात.

म्हणून पहिला सल्ला हा: वय तीसच्या पुढे असेल आणि पैसे एकाच तपासणीपुरते असतील, तर ते एचपीव्ही तपासणीवर खर्च करा. निगेटिव्ह आली तर साधारण पाच ते दहा वर्षांनी पुन्हा करा. जागतिक आरोग्य संघटना किमान पस्तिशीत एकदा आणि पंचेचाळिशीत एकदा करा म्हणते. नमुना स्वतः घेता येतो, त्यामुळे संकोच हे कारण उरत नाही. एचपीव्ही तपासणी जवळ मिळत नसेल तर थांबून राहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात अ‍ॅसिटिक आम्लाची तपासणी होते, आशाताईंना विचारून दिवस ठरवा. धाराशिवमध्ये ती एकदा करून फारसा उपयोग दिसला नाही हे खरे; पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दर दोन वर्षांनी ती केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१४ मध्ये दिसून आले. मथितार्थ एवढाच, की ती करायची असेल तर पुन्हा पुन्हा करावी लागते. शिवाय पाळी गेलेल्या बाईत ती भरवशाची नसते, कारण पाहायची जागा आत सरकलेली असते. तिथे एचपीव्ही तपासणीच हवी.

एचपीव्ही तपासणीविरुद्ध दोन आक्षेप नेहमी येतात. एक कुजबुजीचा: हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, मग पॉझिटिव्ह आलेल्या बाईबद्दल लोक काय म्हणतील? हा विषाणू इतका सर्रास आढळतो की शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होऊन जाते. तो नवऱ्याकडून आलेला असू शकतो, पंधरा वर्षांपूर्वीचाही असू शकतो. पॉझिटिव्ह रिपोर्टवरून कोणाच्या वागणुकीबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि हे नवऱ्याला व सासूला समजावून सांगणे हे रिपोर्ट देणाऱ्याचे कामच आहे. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हेही त्याच वेळी सांगायला हवे. पुढची पाहणी करून, डाग दिसला तर तो जाळून किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: विषाणूशिवाय होणारे गर्भाशयमुखाचे कॅन्सर या तपासणीत निसटतील त्याचे काय? ते निसटतात. कॅन्सर जीनोम अ‍ॅटलासने २०१७ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठी तपासल्या तेव्हा शंभरात पाचेक गाठी एचपीव्हीविरहित निघाल्या आणि त्यांच्यात केआरएएस, पीटीईएन, एआरआयडी१ए असे, अस्तराच्या कॅन्सरशी मिळतेजुळते बदल होते. या थोड्या रुग्णांसाठी तपासणी मोडीत काढणे शहाणपणाचे नाही. पण तपासणी निगेटिव्ह आहे म्हणून लक्षण अंगावर काढणेही तितकेच चुकीचे आहे. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाण्यासारखा किंवा घाण वासाचा स्राव सतत होणे, यांपैकी काही असेल तर गेल्याच वर्षीचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात असला तरी डॉक्टरांनी आत पाहणी केलीच पाहिजे.

लसीबद्दलही लोकांच्या मनात एक जुनी भीती आहे, आणि तिला कारण आहे. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा इथल्या एचपीव्ही लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. पालकांची संमती घेण्याच्या पद्धतीत मात्र गंभीर त्रुटी आढळल्या. त्यानंतर देशभरातल्या लसीच्या चाचण्या थांबल्या. त्याच काळात बार्शी, पुणे, मुंबई यांसह अनेक ठिकाणी चाललेला एक अभ्यास अर्धवट राहिला आणि हजारो मुलींना ठरलेल्या मात्रांऐवजी एकच मात्रा मिळाली. दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की एका मात्रेनेही एचपीव्ही १६ आणि १८ च्या चिवट लागणीपासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते, दोन-तीन मात्रांइतकेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० वयासाठी एक मात्राही चालेल असे सांगितले, त्यात या भारतीय मुलींच्या माहितीचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लसही आता उपलब्ध आहे. मुलगी ९ ते १४ वर्षांची असताना, लागण होण्याआधी, ती द्यावी. आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला असेल त्या घरात तर हा विषय पुढे ढकलूच नये. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही, कारण एचपीव्हीचे सगळे प्रकार लसीत नसतात.

विषाणूच्या वाटेवरच्या या तपासणीचा दुसऱ्या वाटेवर काही उपयोग होत नाही, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. एचपीव्ही किंवा पॅप निगेटिव्ह आले म्हणून बीजांडकोश ठीक आहे, असा अर्थ निघत नाही. मग दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ची रक्ततपासणी करावी का? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हा प्रयोग झाला. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार अशा तपासणीने बीजांडकोशाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. लक्षण नसलेल्या, घराण्यात आजार नसलेल्या बाईने त्यावर पैसे घालू नयेत. तिच्यासाठी लक्षणांकडे वेळेवर लक्ष देणे हेच खरे साधन: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी लाल दिसले तरी अस्तराची तपासणी, आणि पोट फुगणे, दोन घास खाताच पोट भरणे, सारखी लघवीला जावे लागणे असे काही आठवडे सलग राहिले तर सोनोग्राफी. याला गॅस समजून गोळ्या घेत महिने काढणे महागात पडते.

सगळ्या आजारांना ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणण्याच्या गोंधळाचा सगळ्यात कडू परिणाम मराठवाड्याने पाहिला आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातून पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. परभणी जिल्ह्यातूनही दरवर्षी तोडीला टोळ्या जातात. पांढरे जाते, कंबर दुखते, म्हणजे पुढे कॅन्सर होईल, म्हणून पिशवी काढून टाका, हा तर्क दोन्ही वाटांच्या विरुद्ध जातो. पांढरे जाणे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाने होते आणि औषधाने बरे होते. गर्भाशयमुखाचा धोका असेल तर तो एचपीव्ही तपासणीने कळतो आणि पिशवी न काढता टाळता येतो. बीजांडकोशाचा धोका निव्वळ पिशवी काढून जात नाही. आणि तरुणपणी बीजांडकोशही काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. कोणी म्हणेल, बीआरसीएचा दोष असलेल्या स्त्रियांना तर डॉक्टरच बीजांडकोश काढायला सांगतात. बरोबर आहे. बीआरसीए-१ चा दोष असेल तर ऐंशीव्या वर्षापर्यंत बीजांडकोशाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात चव्वेचाळीसच्या आसपास जाते, म्हणून मुले झाल्यावर, ३५ ते ४० वयात बीजवाहक नलिका आणि बीजांडकोश काढण्याचा सल्ला देतात. तो सल्ला रक्ततपासणीत सापडलेल्या दोषावर उभा असतो. म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितली तर कागदावर लिहून मागा: निदान काय, बायोप्सी झाली का, औषधाने भागणार नाही ते का. आणि परभणीच्या शासकीय रुग्णालयात दुसरे मत घ्या.

वारशाचा शोध घराण्यापासून सुरू होतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. एक कागद घ्या. आई, मावश्या, आजी यांच्यासोबत वडिलांकडच्या आत्या, चुलत बहिणी, आजी याही लिहा, कारण बीआरसीएचा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो, आणि लोक हीच बाजू विसरतात. कोणाला स्तनाचा, बीजांडकोशाचा, अस्तराचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला आणि कोणत्या वयात, एवढे पुरे. पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, किंवा एकाच घराण्यात आतड्याचे आणि अस्तराचे कॅन्सर मिळून दोन-तीन असतील, तर जनुकीय सल्लागाराकडे जाण्याचे कारण आहे. आतडे आणि अस्तर अशी जोडी लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची खूण असते. बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये घराण्यात कोणाला नसले तरी ही तपासणी करावी असा आजचा सर्वमान्य सल्ला आहे. तपासणी आधी रुग्णाची करायची, निरोगी मुलीची नंतर. आईत नेमका दोष सापडला तरच मुलीत तो शोधता येतो, आणि तेव्हा ती तपासणी स्वस्तही पडते. दोष असेल तर प्रत्येक मुलीकडे आणि प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. लग्न ठरवताना याचे हत्यार होईल ही भीती खोटी नाही. म्हणून रिपोर्ट कोणाला दाखवायचा हे त्या मुलीनेच ठरवायचे.

महागडी जनुकीय चाचणी सगळ्यांना लागत नाही, ही दिलाशाची बाब. बायोप्सीच्याच तुकड्यावर रंगद्रव्याच्या काही चाचण्या होतात, ज्यांना आयएचसी म्हणतात. पी१६ ठळक पॉझिटिव्ह असणे ही एचपीव्हीची खूण, कारण ई७ मुळे ते पेशीत साठते. पी५३ विचित्र दिसले तर जनुक मोडल्याचा संशय. आणि एमएमआरची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी, चार प्रथिने अस्तराच्या कॅन्सरमध्ये लिंचचा माग देतात, शिवाय इम्युनोथेरपीचा उपयोग होईल का तेही सांगतात. बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीएचा दोष सापडला तर पार्प इनहिबिटर नावाच्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: यात पी१६, पी५३, एमएमआर यांपैकी काय करायला हवे आणि त्यावरून उपचारात काय बदलेल? ज्या चाचणीने उपचार किंवा घरच्यांचा निर्णय बदलणार नाही, ती करू नका.

उपचारासाठी परभणीहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात थेट जाता येते. पुढे बार्शी आहे, परळचे टाटा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात, म्हणून निघण्यापूर्वी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घ्या आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. आणखी एक वस्तू मागून घ्या, जी बहुतेक जण मागे ठेवून येतात: बायोप्सीचा मेणातला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड. त्या रुग्णाच्या हक्काच्या आहेत. त्या सोबत असतील तर पुढच्या रुग्णालयात बहुधा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. ब्लॉक नीट ठेवला तर कित्येक वर्षांनी, रुग्ण हयात नसली तरी, तिच्या मुलींसाठी त्यावर चाचणी होऊ शकते.